दसऱ्याच्या मुहूर्तावर सोडलेलं कॉलेज

आमच्या ज्ञातीचं एक मंडळ नाशकात आहे. ते गरीब व होतकरू मुलांना कर्जाऊ शिष्यवृत्ती देतं. कर्जाऊ म्हणजे नोकरी लागली की सवडीने फेडायची. ‘गरीब व होतकरू’ हे शब्द मंडळाला फार प्रिय. वार्षिक समारंभात ते माइकवरून उच्चारले जातात आणि तेव्हा गरिबांनी व होतकरूंनी उभं राहायचं असतं. दादा इंजिनिअरिंगला गेला त्या वर्षी तोही उभा राहिला. खाली बसा असं कोणी म्हणालं नाही, म्हणून अध्यक्षांचं भाषण संपेपर्यंत तसाच उभा होता.

दुसऱ्या वर्षी, गणपती उठले आणि दादाने कॉलेज सोडलं. गणित त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. दिंडोरीकडे तेव्हा वाइनचे कारखाने नव्याने निघत होते, तिथे एका मित्राने त्याला चिकटवलं. गोदाकाठी यात्रेकरूंचे विधी करणाऱ्या भटजींचा मुलगा वाइनच्या कारखान्यात! आई देवघरात जाऊन रडली. मला वाईट वाटलं नाही. कित्येक महिन्यांनी दादा पोटभर जेवत होता.

मला काळजी होती ती मंडळाची. मंडळाचा नियम असा : शिक्षण सोडलं तर लगेच कळवा, पुढचा हप्ता थांबेल, मागचं सावकाश फेडा. न कळवता पुढचा हप्ता उचललात तर ती लबाडी. मग सगळी रक्कम लगेच परत करायची आणि त्या घरातल्या दुसऱ्या मुलाचा विचार व्हायचा नाही. आमच्या घरातलं दुसरं मूल मी. बारावीला होते आणि मला बी. फार्मसी करायचं होतं.

‘बाबा, आजच जाऊन सांगून या ना.’

‘आज? पितृपक्ष लागलाय. पंधरवड्यात असला विषय काढत नसतात.’

‘ही काय सोयरीक आहे का?’

‘तुला कळत नाही त्यातलं.’

मला चांगलं कळत होतं. पितृपक्ष म्हणजे बाबांचा हंगाम, घाटावर त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. पण फुरसत हे निमित्त झालं. जन्मभर दुसऱ्यांना मुहूर्त काढून देता देता त्यांची अशी समजूत होऊन बसली होती की, चांगल्या दिवशी सांगितलेली वाईट बातमी जरा कमी वाईट होते. पक्ष संपला, घट बसले, आणि आमचे बाबाही बसूनच. आता घरात अखंड दिवा होता. मी रोज तोंड वाजवत होते, ते रोज पंचांगात डोकं घालत होते. शेवटी दसरा ठरला. साडेतीन मुहूर्तांतला एक, कोणाला विचारायलाच नको.

दसऱ्याला बाबा धुवट धोतर नेसून, आपट्याची पानं घेऊन अध्यक्षांच्या बंगल्यावर गेले. मीही बरोबर होते. ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा,’ म्हणत त्यांनी पानं हातात ठेवली आणि त्याच दमात मुलाने कॉलेज सोडल्याचं सांगून टाकलं.

अध्यक्ष पानांकडे बघत म्हणाले, ‘अहो गुरुजी, हप्ता तर घटस्थापनेलाच कॉलेजात जमा केला. आम्हीही चांगला दिवस बघूनच करतो.’

दोन शहाणे भेटले होते! मला बाबांचा इतका राग आला की परतीच्या वाटेवर मी त्यांच्यापुढे दहा पावलं चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो, तर तिथल्या क्लार्कने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं : एकदा भरलेली फी परत मिळणार नाही. दादा गणपतीपासून वर्गात नव्हता हे कॉलेजला ठाऊक होतं. पैसे जमा करून घेताना मात्र तो त्यांना हजर दिसला.

दादा पगारातून मंडळाचं देणं भागवू लागला. सगळे एकदम त्याच्याकडे कुठले असणार? जे देई ते मंडळ मुकाट घेई. दारूच्या कारखान्याचा पैसा म्हणून कोणी नाक मुरडलं नाही. ते त्यांनी माझ्या मुलाखतीसाठी राखून ठेवलं होतं.

बारावीला मला उत्तम मार्क पडले, फार्मसीला नंबर लागला. नियम माहीत असूनही मी अर्ज केला. पोह्यांच्या बश्या पुढ्यात घेऊन तिघे बसले होते. माझ्या मार्कांकडे कोणी बघितलं नाही.

‘भाऊ काय करतो म्हणालीस? वाइन?’ खजिनदारांनी विचारलं आणि बाकीच्यांकडे बघून हसले.

‘हो. तुमचे पैसे त्यातूनच येतात.’

‘तू मध्येच सोडणार नाहीस कशावरून? उद्या लग्न ठरलं तर?’

‘अजून धरायलाच दिलं नाहीत, तर सोडू काय?’

‘उद्धट आहे,’ ते अध्यक्षांना म्हणाले, मी समोर नसल्यासारखे. अध्यक्षांनी गोड आवाजात सांगितलं की भावाचं फिटू दे, मग बघू. फी भरायची तारीख तोवर थांबणार नव्हती आणि थांबलीही नाही. त्या दिवशी मी खूप रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग सकाळचं बी. कॉम. केलं आणि इंदिरानगरात एका मेडिकलमध्ये कामाला लागले. दुकानात एका फार्मासिस्टचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं होतं. तो गृहस्थ फक्त त्या फ्रेमचं भाडं न्यायला उगवायचा. औषधं मी द्यायचे.

एक दिवस अध्यक्ष काउंटरपुढे येऊन उभे राहिले. ब्लडप्रेशरच्या गोळ्या हव्या होत्या. मला त्यांनी ओळखलं आणि चेहरा एकदम फुलला.

‘अरे वा! झालीसच ना शेवटी फार्मासिस्ट? बघ, जिद्द असली की आमच्यावाचून काही अडत नाही!’

मी गोळ्या पाकिटात घालून त्यांच्यापुढे ठेवल्या.

‘या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर गं?’

‘डॉक्टरांना विचारा,’ मी म्हणाले. ‘मला ते कुणी शिकू दिलं नाही.’