बावीस वर्षं भिंगापाशी

पनवेलच्या लॅबमध्ये नीता बावीस वर्षं वीर्य तपासत होती, आणि बावीस वर्षं एकाच रिवाजाने तिचं डोकं फिरत होतं: बायकोच्या सगळ्या तपासण्या उरकल्याशिवाय नवऱ्याचा नमुना काही यायचा नाही.

आज समोर करंजाड्याचा सत्यजीत बसला होता. त्याचे दंड टी-शर्टात मावत नव्हते. शेजारी त्याची बायको रेवा, तीन वर्षांच्या तपासण्यांची जाडजूड फाईल छातीशी धरून.

नीताने त्याचा नमुना भिंगाखाली दोनदा पाहिला होता. एकही शुक्राणू नव्हता.

"जिममध्ये इंजेक्शनं घेता?" तिने विचारलं.

"टेस्टोस्टेरॉन. चार वर्षं झाली," तो ऐटीत म्हणाला. "मर्दानगी वाढते, मॅडम."

नीताचा पारा चढला. "डोंबलाची मर्दानगी! बाहेरून एवढं ओतलंत की मेंदूला वाटतं, भरपूर आहे. मग तो वृषणांना हुकूम सोडणंच बंद करतो. ती आक्रसतात, बीज बनत नाही. डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"तपासण्या हिच्या चालल्या होत्या ना."

त्याने रिपोर्ट घेतला आणि सवयीने रेवाकडे दिला, फाईलला लावायला. नीताने रेवाच्या हातातली फाईल काढून घेतली आणि त्याच्या मांडीवर आदळली.

"आता ही तुम्ही वागवा."