दोन बॅगांत मावेल तेवढं

यमुनामामीच्या हाताला वजन कळायचं. वस्तू कुठलीही असो, ती हातात घेऊन एकदा किंचित वर-खाली करायची आणि आकडा सांगून मोकळी व्हायची. उमेळ्याच्या वाडीतली केळी नि पडवळं तिने पंचवीस वर्षं वसईच्या बाजारात नेली. तराजू बरोबर असायचा, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. आमच्या मुलीच्या बारशाला तिने बाळ मांडीवर घेतलं आणि भरल्या घरात म्हणाली, "दोन किलो नऊशे." बायकोने आदल्याच दिवशीचा दवाखान्याचा कागद काढून पाहिला. दोन किलो नऊशे वीस. मामी जराही हलली नाही. "दवाखान्यात लंगोट काढला नसंल," म्हणाली.

मला मात्र ती लहानपणापासून एकच गोष्ट सांगायची, "दिनू, तुझ्या हाताला वजनच कळत नाय रे." मला वाटायचं, भाजीबद्दल बोलते आहे. मी एका कचेरीत कारकून आहे. तिथे हाताला वजन कळण्याची अट नाही, तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही.

मामी म्हणजे माझ्या थोरल्या मामाची बायको. ती लग्न होऊन उमेळ्याला आली तेव्हा धाकटा हरीमामा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याचं नाक पुसण्यापासून त्याची नवरी पसंत करण्यापर्यंत सगळं तिने केलं. पुढे थोरला मामा गेला, मामीचा मुलगा प्रशांत तेव्हा शिकायला पुण्याला होता, आणि वर्षाच्या आत हरीमामाने वाडी बिल्डरला दिली. वाडी एकट्या हरीमामाच्या हाती कशी गेली, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. म्हणजे मीही नाही.

घर पाडायच्या आदल्या दिवशी हरीमामाने मला मदतीला बोलावलं. ओटीवर दोन पत्र्याच्या ट्रंका ठेवल्या होत्या. तो म्हणाला, "वैनी, भाड्याची खोली लहान हाय. दोन ट्रंकांत मावंल तेवढंच ने." चाळीस वर्षांचा संसार, आणि दोन ट्रंका! मामीने भरायला घेतलं. शेवटी ती देव्हाऱ्यापाशी गेली. घराण्याचे पाच चांदीचे टाक होते, तळहाताएवढे नि जाड, झिजून नाकडोळे पुसट झालेले. देव थोरल्या घराकडे राहायचे, ही आमच्याकडची रीत. तिने पदर पसरला तेवढ्यात हरीमामा आडवा आला. "देव हितंच ऱ्हातील. नवीन बिल्डिंगीत त्यांना वेगळी खोली काढलीय. आनि वैनी, देव काय चांदीत असतो? देव मनात असतो." मग माझ्याकडे वळून, "दिनू, लाव ट्रंक."

आणि मी लावली. झाकण बसेना, तर वर गुडघा टेकवून बसवलं. वर म्हणालोही, "मामी, बास आता, मावत नाही." हरीमामाने खिशातून दोन नवीकोरी कुलपं काढून दिली. "सामान सांभाळून, वैनी." मामीने एक कुलूप तळहातावर तोललं. "सव्वाशे ग्रॅम," एवढंच म्हणाली. त्या दिवसाचं तिचं तेवढंच बोलणं.

नंतरची अकरा वर्षं ती फुलपाड्याला आमच्या शेजारच्या इमारतीत, तळमजल्याच्या खोलीत राहिली. भांडली नाही, रडली नाही, हरीमामाकडे गणपतीला जायची, नैवेद्याचं ताट वाढायची. आम्ही सगळे म्हणायचो, केवढं मोठं मन! मोठं मन म्हणणं आम्हाला फार सोयीचं होतं.

प्रशांत कॅनडाला स्थिरावला आणि त्याने आईला कायमचं बोलावलं. विमान दोन बॅगा नेऊ देतं, तेवीस-तेवीस किलोच्या, शिवाय सात किलोंची हातातली पिशवी, हे मी तिला समजावून सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "दोनच? दोन बॅगा मला नवीन हायेत काय? पन हे विमानवाले माझ्या दिरापेक्षा बरे रे. हातातली पिशवी वेगळी देतात."

मी स्टेशनजवळून बॅगेला लटकवायचा वजनकाटा आणला. मामीने त्याच्याकडे सवतीकडे पाहावं तसं पाहिलं. बॅगा तिने हाताच्या अंदाजाने भरल्या. वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी, पापड, मसाला, कुळीथ, विळी आणि एक वरवंटा. "आणि पाटा?" मी विचारलं. "पाटा काय, दगडच तो. तिथं दगड नसतील?" कॅनडाविषयी एवढी खात्रीने बोलणारी व्यक्ती मी पाहिलेली नाही. काटा लावला तर एक बॅग बावीस किलो नऊशे, दुसरी बरोब्बर तेवीस. मी माझी बॅग लावली. एकतीस. तीन आठवड्यांसाठी जाणारा मी, आणि कायमची जाणारी ती.

हो, मी बरोबर जाणार होतो. प्रशांतने आईच्या सोबतीला कुणीतरी हवं म्हणून तिकीट काढलं आणि मामीने माझंच नाव घेतलं. "दिनूच पाहिजे. सामान बंद करायची त्याला सवय हाय." मी चार लोकांना हे कौतुकाने सांगत फिरलो. अक्कल यायला मला विमानाने अर्धी वाट कापावी लागली.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनाच खटकली. हरीमामाच्या धाकट्या मुलाचं लग्न आठवड्यावर आलेलं, आणि मामी त्याआधी निघाली. "लग्न आटपून जा की," सगळे म्हणाले. "तारीख बदलत नाय," तिचं ठरलेलं उत्तर. निघायच्या दोन दिवस आधी आम्ही निरोप घ्यायला उमेळ्याला गेलो. जिथे केळीची बाग होती तिथे आता सात मजले आहेत आणि सातव्यावर हरीमामा. मामीच्या पिशवीत नारळ, तांदूळ, फुलं. "देवापुढं जरा बसते," म्हणून ती देवाच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. पंधरा मिनिटांनी बाहेर आली. हरीमामा पाया पडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ ठेवला. "मन सांभाळ हरी," म्हणाली. "देव मनात असतो." हरीमामाला गहिवरून आलं. मलाही आलं. मी असल्या वेळी कधी मागे राहत नाही.

सकाळी निघताना तिने माझी हातातली पिशवी मागून घेतली. "बघू, नीट आवरलीस काय." परत दिली ती मी खांद्याला लावली. मुंबईच्या तपासणीतून पिशवी सुरळीत गेली. विमानात खांदा दुखायला लागला, तो मी वयावर ढकलला.

दुपारी आम्ही आखातातल्या एका विमानतळावर उतरलो. पुढचं विमान नऊ तासांनी. तिथे पुन्हा सामानाची तपासणी होती. मामी तिकडून सहज पार झाली. माझी पिशवी मात्र पट्ट्यावर थांबली, मागे गेली, पुढे आली, पुन्हा थांबली. गणवेशातल्या माणसाने ती उघडली, माझ्या स्वेटरच्या बाहीतून लाल फडक्याची पुरचुंडी काढली आणि गाठ सोडली. पाच टाक. त्या झिजलेल्या डोळ्यांनी ते माझ्याकडे बघत होते.

"ये क्या है?" त्याने हिंदीत विचारलं.

विमानतळावर जे वाक्य कधीही बोलू नये, तेच मी बोललो. "मेरा नहीं है."

त्या माणसाची मान ताठ झाली. पलीकडून मामी शांतपणे म्हणाली, "त्याचंच हाय. त्याच्याच पिशवीत हाय ना?"  ती माझ्याकडे बघत राहिली. पुरतं बघून झाल्यावर मग पुढे आली. "हमारे घर के देव है, बाबा. मेरे सासरेके बापने बनाये. हम दूर रहने जाता है, तो ये भी आता है." त्याने एकेक टाक उलटून पाहिला, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, पुरचुंडी पुन्हा बांधून दोन्ही हातांनी परत दिली.

खुर्च्यांवर येऊन बसल्यावर मी विचारलं, "मामी, चोरी केलीस?"

"चोरी कसली? थोरल्या घराचे देव थोरल्या घरी चाललेत. आनि मोकळा देव्हारा नाय ठेवला. तांदळावर पाच सुपाऱ्या मांडल्या, वर फुलं घातली. मूर्ती नसली तर सुपारी चालते."

"पण माझ्या पिशवीत?"

"ट्रंक तूच लावलीस ना?" ती म्हणाली. "गुडघा देऊन."

अकरा वर्षं. गुडघासुद्धा विसरली नव्हती.

तासाभरात माझा फोन वाजला. एरवी तिकडे रोज दारातूनच हात जोडत; आता लग्नासाठी देव उजळायला काढले, तर फुलांखाली सुपाऱ्या! हरीमामा ओरडत नव्हता, रडकुंडीला आला होता. मी फोन मामीपुढे धरला.

"वैनी, देव नेलेस?"

"कोन बोलतो?"

"वैनी, मी हरी. चार दिवसांवर हळद हाय गो. पावनी विचारतील, देव कुठे? देव नाय तर हळद कशी लावू?"

"सुपाऱ्या हायेत ना?"

"वैनी, सुपारी काय देव असते?"

"देव चांदीत नसतो, हरी. मनात असतो. तूच नाय का सांगितलंस?" मग अगदी प्रेमाने, जशी पूर्वी त्याला जेवायला हाक मारायची तशी, "तुला पाहिजेत तर ये घ्यायला. मी दार उघडीन. दोन बॅगांत मावंल तेवढंच आन मात्र." आणि फोन माझ्या हातात देऊन पायाला तेल चोळायला लागली.

फोन अजून चालू होता. हरीमामा आता माझ्याशी बोलत होता. "दिनू, देव तुझ्या पिशवीत हायेत ना? तिथूनच मागे फीर. मुंबईचं विमान तीन तासांनी हाय, मी बघितलंय. तिकीट मी काढतो. म्हातारीला पुढं बसवून दे, पोरगा उतरवून घेईल. तू आमचा हायेस, दिनू."

शेवटचं वाक्य मामीला ऐकू गेलं असावं. ती उठली. "जरा तोंड धुऊन येते," म्हणाली, आणि माझी पिशवी माझ्या मांडीवर ठेवून गेली.

ती पाऊण तास आली नाही. तोंड धुवायला पाऊण तास लागत नाही, हे मलाही कळतं. समोरच्या फलकावर मुंबईचं विमान वर वर सरकत होतं. हरीमामाचे तीन निरोप येऊन पडले. लग्नाचा विचार आला. पाहुण्यांत मान खाली घालून उभा असलेला हरीमामा दिसला; लहानपणी मला सायकल शिकवणारा हरीमामाही दिसला. मग मी, आयुष्यात पहिल्यांदा, ती पिशवी नीट हातात धरून किंचित वर-खाली केली. आकडा काही आला नाही. पण ओटीवरच्या ट्रंकेचं झाकण आठवलं, आणि गुडघ्याखाली ते कसं अडत होतं ते. तेव्हाही मला ते जाणवलं होतं. मी फक्त जोर वाढवला होता.

मी हरीमामाला कळवलं, "मामा, मी पुढे जातोय." आणि फोन बंद केला. शूरपणे नव्हे. तो परत बोलेल या भीतीने.

मामी आली. पिशवीत हात घालून तिने पुरचुंडी काढली, गाठ न सोडता तळहातावर तोलली. "एक किलो तीनशे," म्हणाली. "सगळे हायेत." मग स्वतःच्या पिशवीत ठेवली आणि मला एक सुकेळं दिलं. माझं बक्षीस म्हणा, नाहीतर सुटका.

लग्न सुपाऱ्यांवर लागलं. पाहुण्यांनी विचारलं, आणि हरीमामाला काय उत्तर द्यावं लागलं ते उमेळ्यात अजून सांगतात. तीन आठवड्यांनी मी परत निघालो तेव्हा मामीने शिवून बंद केलेली एक जड थैली दिली. "हरीच्या हातात दे. त्याचं हाय." मी सातव्या मजल्यावर गेलो तेव्हा मामाने दारातच थैली हिसकली, कपाळाला लावली, मग दातांनी शिवण उसवली. आतून दोन कुलपं निघाली. किल्ल्यांसकट. तो किती तरी वेळ ती हातात घेऊन उभा होता. मी पाणीसुद्धा न पिता उतरलो, आणि खोटं कशाला बोलू, लिफ्टमध्ये मोठ्याने हसलो.

हरीमामा देव आणायला कॅनडाला काही गेला नाही. सामान, विमान बदलणं, नऊ तास खुर्चीत बसणं, ही सगळी कारणं तो सांगायचा. खरं कारण त्या दारात उभं राहणं होतं. मामी तिथे चार हिवाळे राहिली. दगड मिळाला; पाट्यावर वाटण वाटताना ती फोनवर दिसायची. मागच्या थंडीत झोपेतच गेली. देव प्रशांतच्या घरी आहेत, त्याची मुलगी त्यांना रोज आंघोळ घालते.

तेराव्यानंतर हरीमामाचा मला फोन आला. आवाज थकला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, "दिनू, वैनी तर गेली. आता राग कोनावर? तू प्रशांतला सांग. तुझं ऐकंल तो. देव परत..."

मी जन्मात त्याला उलट बोललो नव्हतो.

"सुपाऱ्या आहेत ना, मामा?" मी म्हणालो.

 फोन ठेवला तेव्हा मला हलकं वाटत होतं. किती ग्रॅमने, ते सांगणारं आता कोणी नाही.