बर्फाच्या खोलीतले सहाशे फुगे

गेली एकोणीस वर्षं मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. वायू तापला की पसरतो, गार झाला की आकसतो, पसरायला जागा मिळाली नाही तर भिंतींवर दाब वाढवतो. एवढं सांगायला मला दरवर्षी दोन आठवडे लागतात आणि तरी निम्मा वर्ग पेपरात चुकतो. चुकणाऱ्याला मी सगळ्यांसमोर उभं करून धारेवर धरते. त्यामुळे पुढचं सांगताना मला लाज वाटायला हवी. वाटते, पण थोडीच, कारण जे झालं ते फार मजेदार झालं.

आमचं घर थळच्या बाजूला, कोळीवाड्यात. दोन बोटी, मासळी ठेवायची एक बर्फाची खोली आणि या सगळ्यावर सासूबाईंचा हुकूम. मी नोकरी करते म्हणून मला मासळीच्या कामातून सूट. माझ्या वाटचं काम अर्थातच थोरल्या जाऊबाईंच्या गळ्यात पडलं होतं, पण सूट मिळालेल्या माणसाला असले विचार सुचत नाहीत.

जाऊबाई बोंबील सुकवायच्या. ओल्या बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांच्या जोड्या बांबूच्या उंच वलांडीवर टांगायच्या, सुकले की उतरवायचे. हात दिवसभर डोक्याच्या वर. त्यांचा उजवा खांदा दोन वर्षं दुखत होता. मोबाइलवर बघून बघून त्या फुग्यांच्या कमानी करायला शिकल्या आणि एक दिवस सासूबाईंसमोर उभ्या राहिल्या. "आई, मना आता वलांडी नको. मी फुग्यांचा धंदा करीन."

सासूबाई कोळंबी सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "धाकट्याच्या साखरपुड्याला करून दाखव. कार्य नीट झाला तर वलांडी सुटली तुझी. न्हाय तर पावसाळा सरला का गपचूप बोंबील टांग."

म्हणजे त्या एका साखरपुड्यावर जाऊबाईंचा खांदा अवलंबून होता. सल्लागार म्हणून मी पुढे झाले. कोणी बोलावलं नव्हतं.

साखरपुडा मे महिन्यातला, रविवारी सकाळी, घरासमोरच्या वाळूत. आदल्या दुपारी जाऊबाई ओटीवर विजेचा पंप लावून बसल्या. सहाशे फुगे, गडद निळे आणि लाल. पन्नासएक झाले आणि प्रश्न आला, ठेवायचे कुठे? घरात मांजरं, आणि आमच्याकडच्या मांजरांना भुकेपेक्षा खोड्यांची हौस जास्त. बोटी अजून परतायच्या होत्या, बर्फाची खोली रिकामी होती. मी म्हटलं, "वयनी, तिथे ठेवू. थंडाव्यात ताजे राहतील."

ताजे. फुगा म्हणजे जणू कोथिंबीर.

आम्ही ते पन्नास आत नेले आणि पंपही आतच घेतला, कारण बाहेर घामाच्या धारा लागल्या होत्या. अंगावर शाली घेऊन आम्ही मोठ्या थाटात कामाला बसलो. अर्ध्या तासाने पाहते तर ओटीवर भरलेले ते पन्नास फुगे मऊ पडलेले, मरतुकडे दिसायला लागलेले. मी ज्यावर पगार घेते तो नियम माझ्या नाकासमोर आकसून बसला होता. आणि मी जाऊबाईंना काय म्हटलं? "तुम्ही हवा कमी भरलीत. काटकसर कसली करताय? गच्च भरा."

"गच्च भरला तर फुटंल ना गो? व्हिडिओमधी बाई बारा आणेच भरते."

"व्हिडिओतली बाई शिकलेली आहे का?" मी विचारलं. हे वाक्य मी विसरायचा खूप प्रयत्न केला आहे.

उरलेले साडेपाचशे फुगे त्या गारठ्यात त्यांनी गच्च भरले. मी एकेक टिचकी मारून पास करत होते.

सकाळी आठला कमान उभी राहिली तेव्हा खरंच बघत राहावी अशी दिसत होती. बर्फाच्या खोलीतून आल्यामुळे फुग्यांवर बारीक दव जमलं होतं. जवळ गेलं की सुरमईचा वास यायचा, पण आमच्याकडे तो कोणाला वास वाटत नाही. बायका जाऊबाईंना विचारायला लागल्या, बारशाला कराल का, वाढदिवसाला कराल का. त्या लाजून पदर सावरत होत्या. बावीस वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मऊ पडलेले पन्नास मी कोणाला दिसू नयेत म्हणून मंडपाच्या मागच्या खांबाला, पण उन्हातच, बांधून टाकले होते.

दहाच्या सुमाराला ऊन कमानीवर आलं. अंगठ्या निघाल्या, आणि पहिला निळा फुगा फुटला. लोक हसले. मग दुसरा. मग तीन एकदम. बँजोवाल्यांना वाटलं इशारा झाला, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मुलीकडच्या एका काकांनी दचकून स्वतःच्या पांढऱ्या शर्टावर कोकम सरबत ओतलं. दिराने अंगठी घालायला हात पुढे केला की एक फुटायचा आणि नवरी हात मागे घ्यायची. असं चारदा झालं. निळे आधी गेले, मग लाल.

पाहुण्यांत माझ्या वर्गातली एक मुलगी होती. ती जवळ आली आणि अगदी साळसूद चेहऱ्याने म्हणाली, "मॅडम, तापमान वाढल्यामुळे ना?"

"सरबत घे," मी म्हटलं.

कमानीच्या जागी रबराच्या चिंध्या लोंबत राहिल्या. सासूबाईंनी जाऊबाईंकडे पाहिलं. "काय झाला गो हा?"

जाऊबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्या विद्यार्थिनीकडे. मग म्हणाल्या, "मीच जास्त हवा भरली, आई. माझाच चुकला."

"मंग वलांडीच बरी तुला," सासूबाई म्हणाल्या आणि पाहुण्यांकडे वळल्या.

मी गप्प राहिले. पंगत बसेपर्यंत गप्प राहिले. एकोणीस वर्षं पोरांना उभं करणारी मी पानातली कोळंबी चिवडत होते, आणि समोर जाऊबाई डोळे कोरडे ठेवून भात वाढत होत्या. त्या माझ्या पानापाशी आल्या, वाकताना त्यांनी खांदा धरला, आणि मला ते सोसवेना. मी उभी राहिले. भर पंगतीत सांगून टाकलं की गारठ्यात गच्च भरायला मीच लावलं, आतली हवा उन्हात पसरली, रबराला ताणायला जागा उरली नव्हती, वयनींनी ओटीवर आपल्या अंदाजाने भरलेले पन्नास मी मागच्या खांबाला लपवलेत, चूक माझी आहे.

सासूबाईंनी हातातला पेला खाली ठेवला. "हा तुझ्या पुस्तकात लिवलेला हाय?"

"हो."

"कितवीच्या?"

"अकरावीच्या."

"आनि शिकवतो कोन?"

"मीच."

पंगत एवढी हसली की बँजोवाले पुन्हा तयारीला लागले. सासूबाई मात्र उठून मंडपाच्या मागे गेल्या. खांबाला ते पन्नास फुगे होते, ओटीवर भरलेले. उन्हात ते पुन्हा टम्म झाले होते, एकही फुटला नव्हता. त्यांनी एकावर बोट दाबून पाहिलं आणि तिथूनच निकाल दिला. "थोरलीला फुगवता येतात. तिची वलांडी सुटली. पन बोंबलांना मानूस तर लागंल." मग माझ्याकडे वळून, "तुला दिवाळीची सुट्टी असते ना?"

असते. यंदाच्या दिवाळीत माझी सूट संपली. पहिल्या दिवशी मी गाणी म्हणत बोंबील टांगले. दुसऱ्या दिवशी गाणी बंद झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी हात खांद्याच्या वर जाईना, आणि मला आठवलं की जाऊबाई कधी दुखतं म्हणाल्या तर मी वहीतून डोकं न काढता सांगायचे, "वयनी, रोज दहा मिनिटं व्यायाम करा."

संध्याकाळी त्या अलिबागच्या एका वाढदिवसाची कमान लावून आल्या. केसांत चमकी होती. मी ओटीवर बसले होते, काही बोलले नव्हते. त्या तेलाची वाटी घेऊन मागे बसल्या आणि त्यांचा अंगठा थेट दुखऱ्या जागेवर पडला, नेमका, न विचारता. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

"रडू नको," त्या अंगठा दाबत म्हणाल्या. "व्यायाम कर."