टाकापुढचं ताट

पुस्तकांतल्या मुली फार लवकर रडतात. आई गेली की दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात त्यांना हुंदका फुटतो, मग एखादी मैत्रीण भेटते, नाहीतर कुत्र्याचं पिल्लू, आणि शेवटच्या पानापर्यंत मुलगी हसायला लागलेली असते. मी आठवीत असताना माझी आई काविळीनं गेली आणि परंड्याच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंनी मला अशा कादंबऱ्या एकापाठोपाठ एक आणून दिल्या. त्यांचा हेतू चांगला होता. मी सगळ्या वाचल्या, वेळेवर परत केल्या आणि मला काहीही झालं नाही.

खरंच काही वाटत नव्हतं. दाढ काढायला इंजेक्शन दिलं की आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं. शाळा, क्लास, भांडी, सगळं चालू होतं. दहाव्याला बायका टक लावून बघत होत्या, पोरगी रडते का म्हणून. एक जण म्हणाली, लई घट्ट आहे. घट्टबिट्ट मी काही नव्हते. आत शोधायला गेलं तर हाताला काही लागत नव्हतं, एवढंच.

वर्ष व्हायच्या आत वडिलांचं दुसरं लग्न झालं. भाकरी कोण थापणार हा प्रश्न असतो, त्यामुळे अशा कामाला आमच्याकडे कुणी वेळ लावत नाही. लग्न आत्यानं जमवलं. आत्या राहायची आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला, पण आमच्या घरातलं पान तिच्याशिवाय हलायचं नाही. नवी बाई तुळजापूरकडची, लग्नाचं वय उलटून गेलेली, बारीक आवाजाची. तिला मावशी म्हणायचं असं मला सांगण्यात आलं. मी म्हणायला लागले. काकू म्हण म्हणाले असते तर काकू म्हटलं असतं.

मावशीच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर काळ्या दोऱ्यात चांदीचा एक लहानसा टाक होता. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक घालायचा, ही आमच्याकडची रीत. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. सणाला, अमावस्येला टाक पाटावर ठेवून त्याच्यापुढं ताट वाढायचं, पहिलीला जेवू घालायचं आणि मग आपण जेवायचं. टाकावर एक बाई उठवलेली होती. सोनार सगळ्यांच्या सवतींसाठी एकच ठसा वापरत असणार, कारण ती माझ्या आईसारखी कुठूनही दिसत नव्हती. कादंबऱ्यांतली सावत्र आई एक तर चेटकीण असते, नाहीतर देवी. मेलेल्या सवतीला गळ्यात घेऊन भांडी घासणारी बाई मला एकाही पुस्तकात भेटली नाही.

श्रावणात मावशी तापानं पडली. ताप उतरायचा, परत चढायचा. शेजारणीनं निदान करून टाकलं, पहिली कोपली. दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्याच, पण मावशीनं त्या बोलण्याची धास्ती घेतली. आत्या आली आणि तिनं निदान बदललं. तिच्या मते खोट माझ्यात होती. पोरगी नव्या बाईशी धड बोलत नाही, पुस्तकात डोकं घालून घुम्यासारखी बसते, अशा घरात संसार कसा बसायचा? मला वाशीला न्यायचं आणि तिथंच शाळेत घालायचं असं तिनं ठरवलं. वडील गप्प बसले, म्हणजे कबूल झाले. मला विचारलं तेव्हा मी चालेल म्हणाले. घर सुटणार, शाळा सुटणार, हे समजत होतं, पण टोचत नव्हतं.

पोळ्याच्या अमावस्येला मावशी उठली. तिनं पुरणपोळ्या केल्या, टाकापुढं ताट वाढलं. माझी पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. ताटाकडं बघता बघता, कुणी न विचारता, माझ्या तोंडून निघालं, "तिला पुरण आवडत नव्हतं."

कित्येक महिन्यांत आईबद्दल मी बोललेलं हे पहिलं वाक्य. मावशीचा हात थांबला. मग काय आवडायचं, असं तिनं वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, सगळंच खायची. आत्यालाही सांगता येईना. मी म्हणाले, शेंगोळे, लसूण जास्त घातलेले. मावशीनं ताट बाजूला सारलं आणि हुलग्याच्या पिठाचा डबा काढला. सणासुदीला देवापुढं शेंगोळे बघून आत्यानं कपाळाला हात लावला. शेंगोळे शिजत असताना मावशी पहिल्यांदाच आत्याच्या समोर तोंड उघडून बोलली.

"वन्सं, पोरीला न्हेऊ नका. हिच्या आईचं मला काय बी ठाव न्हाय, घरात कुणालाच न्हाय. ही गेली तर म्या कुणाला इचारू?"

आत्या दुपारच्या एसटीनं एकटीच गेली. पिशवी मीच रिकामी केली. आनंद वगैरे झाला नाही, पण बरं वाटलं.

मग दर अमावस्येला मावशी विचारायची, आज तिच्यासाठी काय करू? शेंगोळे झाले, मिरचीचा खरडा झाला, आणि त्यापुढं मला काही सांगताच येईना. आई सगळ्यांच्या मागून जेवायची, उरलेलं खायची. ती काय आवडीनं खाते हे मी कधी बघितलंच नव्हतं. पण सांगण्यासारखं संपलं की आपलं इथलं कामही संपलं, अशी मला भीती वाटायला लागली. पुष्कळ दिवसांनी काहीतरी टोचलं ते हेच. म्हणून मी ठोकून दिलं, बटाट्याची भजी. पुढच्या खेपेला गोड भात. मग शेवयांची खीर, काजू घालून. टाकाला दाखवून झालं की ताट माझ्याकडं यायचं आणि मी ते चाटून पुसून खायची.

खिरीच्या दिवशी मावशी टाकापुढं हात जोडून जरा जास्त वेळ बसली. मग वाटी माझ्याकडं सरकवत म्हणाली, "तुज्या आईला समदं तुज्याच आवडीचं आवडायचं, न्हवं?"

आवाजात राग नव्हता. तिला भज्यांपासूनच कळलेलं असावं. मी व्हय म्हणाले, आणि म्हणता म्हणता कळलं की हे खोटं नाही. आई जन्मभर माझ्याच आवडीचं करत आली, म्हणून तर तिची आवड कुणाला ठाऊक नव्हती, आणि आता तिला विचारता येणार नव्हतं. आई गेली हे मला त्या पाटापाशी कळलं. मी रडले. मावशीनं मला जवळ घेतलं नाही, उगी राहा म्हणाली नाही. खीर गार होईपर्यंत ती माझ्यासमोर बसून राहिली.