अकरावी सुई

आमच्या विलेपार्ल्याच्या आळीत सुगंधाने कधी कुणाचं दार वाजवलं नाही. सकाळी पानात बांधलेली फुलपुडी कडीला अडकवायची आणि पुढच्या घराकडे वळायची. ऐकू यायची ती फक्त तिची काकणं. म्हणून त्रेपन्न सालच्या डिसेंबरातल्या त्या सकाळी, मी दुधावर डोळा ठेवून उभी असताना दार वाजलं, तेव्हा मला वाटलं गावाहून तार आली.

दारात सुगंधाच होती. टोपली खाली, एक हात भिंतीला.

"वहिनी, पाणी देशात?"

घाबरली की ती मालवणीत बोलायची. मी तांब्या दिला. तळ लागेपर्यंत ती पाणी प्यायली आणि मग तिचे खांदे सैल झाले.

त्या पाण्यामागची भीती मला ठाऊक होती. अकरा दिवसांपूर्वी फेरीवर असताना एका कुत्र्याने तिची पोटरी फोडली होती. ते कुत्रं नंतर कुणाला दिसलं नाही, त्यामुळे पिसाळलेलं होतं की नाही हे कोण सांगणार? दवाखान्यात रोज बेंबीभोवती एक, अशा चौदा सुया ठरल्या होत्या. दहा झाल्या होत्या. देवगडला तिचा चुलता कुत्रं चावून गेला, तो पाण्याचं भांडं बघून किंचाळायचा. तेव्हापासून तिच्या मनात बसलेलं. रोज उठल्यावर पाणी पिऊन बघायचं. घशाखाली गेलं की तो दिवस आपला.

तशी ती भित्री नव्हती. नवरा दत्ताराम परळच्या गिरणीत पाळ्या करायचा, आणि इकडे पन्नास घरांचे देव हिने सांभाळलेले. कुणाकडे पांढरीच फुलं लागतात, कुणाकडे चतुर्थीला दूर्वा, एकदा सांगितलं की पुरे. कोपऱ्यावरचे अण्णा पुडी सोडून जास्वंदी मोजायचे. त्यांना ती एकदा म्हणाली होती, "अण्णा, देव वास घेतो, हजेरी नाही." आळी महिनाभर हसत होती.

"पाणी गेलं ना घशाखाली? मग काय झालं?" मी विचारलं.

तिने खाली पाहिलं. एका पायात चप्पल नव्हती. अंगठा ठेचून रक्ताने माखला होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

मग थोडं थोडं बाहेर आलं. चार दिवसांपासून पायांना मुंग्या. आधी बोटांना, मग तळव्यांना. कालपासून कापसावर चालल्यासारखं. दवाखान्यात मात्र तिने अवाक्षर काढलं नव्हतं. रांगेतल्या बायकांनी सांगितलेलं, एक सुई चुकली की पुन्हा पहिलीपासून चौदा. सोळा सोमवार धरावेत तशा तिने त्या सुया धरल्या होत्या; व्रत मोडायचं नाही. कंपाउंडर विचारायचा, काही त्रास? ही हसून मान हलवायची. आज अकरावी होती.

खरं सांगायचं तर मीही म्हणणार होते, चारच राहिल्यात, उरकून घे. शब्द ओठांवर आले होते. त्या अंगठ्याने मला थांबवलं.

टांगा करून तिला आमच्या डॉक्टर विद्याधरांकडे नेलं. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाला नाही. डोळे मिटायला लावून टाचणी टोचली. ती अंदाजाने "हो" म्हणत होती, टाचणी लागत नव्हती तेव्हासुद्धा. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

ते मला म्हणाले, सुयांचं औषध मेंढीच्या मेंदूपासून करतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे अंगाचे राखणदार. रोज परका मेंदू टोचला जातो, तो शत्रू म्हणून त्या ओळखायला शिकतात. आणि हजारांत एखाद्याच्या अंगात त्यांना परका आणि आपला यांतला फरक कळेनासा होतो. मग त्या आपल्याच मेंदूवर, मज्जारज्जूवर तुटून पडतात. तिथे सूज येते. ती वर सरकत गेली तर श्वासापर्यंत पोचते.

कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली मी त्या पेशी पाहिल्या होत्या. जांभळे ठिपके. वहीत किती नीट काढले होते मी ते. आता ते तिच्या पाठीच्या कण्यात काय करत असतील, हा विचार मनातून जाईना.

"अकरावी सुई घ्यायची नाही," डॉक्टर तिला म्हणाले.

"आणि कुत्रो पिसाळलेलो आसलो तर?"

त्यांनी हातातली टाचणी ठेवून दिली. "दहांनी भागेल असं मला वाटतं. खात्री देत नाही. पण अकरावीची मला जास्त भीती वाटते."

दुपारपर्यंत तिला इस्पितळात हलवलं. तोवर गुडघे गेले होते. सूज उतरवायचं नवं औषध सुरू झालं. चार वाजता नर्सने टाचणीने तपासलं, तर बधिरपणा मांड्यांवर चढला होता. तिथे तिने पेनाने रेघ ओढली आणि तासाभराने पुन्हा आली. रेघ दोन बोटं वर गेली.

दत्ताराम पाळीवरून तसाच आला, केसांत कापूस. पायथ्याशी बसून तिचे तळवे चोळू लागला. "कळतंय गं?" त्याने विचारलं. तिने वर छताकडे बघत मान हलवली, कंपाउंडरपुढे हलवायची तशीच. त्याला तेवढ्यानेही धीर आला.

डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावलं, तेव्हा तिने मला खुणेने जवळ बोलावलं. मला वाटलं, पुन्हा पाणी मागेल.

"वहिनी," ती म्हणाली, "माझे पाय थंड आसत काय गरम, तेवढा हात लावन सांगा."