नरसम्माचा हौद आणि माझी ओली भिंत

"तुझ्या हौदानं माझी भिंत खाल्ली, नरसम्मा!"

"अय्यो! भिंत काय भाकरी हाय का आक्का, हौद खायाला?"

"मग ही ओल आली कुटनं? आभाळातनं?"

"मला काय ठाऊक? माझं रंग लाल हाय. तुमचं भिंत लाल झालं का? दाखवा की!"

बिनतोड होतं हो तिचं बोलणं! पण समोरच्याचं बिनतोड ऐकून गप्प बसेन ती मी कसली? ताडकन म्हटलं, "रंग सूत पितं, पाणी भिंत पिते!"

हे शास्त्र मला कुणी शिकवलं म्हणता? कुणी नाही. शाळेचं तोंड पाहिलं नाही मी. वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून उलगडून वाचायला शिकले, आणि तेव्हापासून मला न कळणारी गोष्ट जगात उरलीच नाही, असा माझा समज! त्या समजानं माझी कशी फजिती केली, ते ऐका आता. चहा घ्या तुम्ही, निवेल.

सोलापुरात आमची दोघींची घरं पाठीला पाठ लावून. तिचं परस आणि माझं माजघर, मधे एकच भिंत. तिच्या बाजूला भिंतीलगत सूत रंगवायचा हौद, तिच्या सासऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधलेला. त्या हौदावर तिचं घर चालायचं. माझ्या बाजूला कमरेइतकी ओल! गिलाव्याचे पोपडे भातात पडायचे. आता ओल म्हटल्यावर दोष कुणाचा? शेजारणीचा! स्वतःचा असतो का कधी?

नवी पेठेत एका जिन्याखाली पाटी वाचली होती: घराची तपासणी करून मिळेल. गेले आणि तिथल्या ओव्हरसियरला घेऊन आले. म्हटलं, शिकलेल्या माणसाच्या तोंडून निघालं की नरसम्माची बोलती बंद!

पण तो यायच्या आधी मी एक काम केलं. इथंच सगळं घोडं पेंड खातं.

त्या मोठ्या दुष्काळात मी माजघरात, पलंगाखाली, जमिनीत हौद बांधून घेतला होता. गुपचूप. गवंडी म्हणाला, "आक्का, भिंतीपासनं हातभर लांब घिऊ." मी म्हटलं, "हातभर पाणी कमी मावंल की!" नगरपालिकेची माणसं साठवलेलं पाणी शोधत फिरतात, नळ तोडतात, अशी तेव्हा आवई होती. दुष्काळ गेला, पण माझी भीती काही जाईना. खाकी पँट आणि हातात टेप दिसली की मला तो नगरपालिकेचाच वाटायचा. मग काय, हौदावर फळ्या, फळ्यांवर गोधड्या, वर पलंग, पलंगाखाली ट्रंका! बोलावलं मीच, आणि लपवलं तेही मीच. आहे की नाही अक्कल?

ओव्हरसियरनं हातोडीनं भिंत ठोकली, गिलावा खरवडला, चिमूट चोळून वास घेतला. विचारलं, "घरात पाण्याचा साठा?"

"एक माठ!" मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

"न्हाणी?"

"अंगणात."

"मग हा पलीकडचा हौदच. दुसरं कारण दिसत नाही."

दिसेल कसं? त्याच्यावर गोधड्या होत्या!

मी गल्लीत असा डंका पिटला, की आठवलं तरी अंग आक्रसतं. जाणारायेणाराला सांगितलं, "इंजिनेरानं सांगितलंय!" गल्लीच्या बोलण्याला कंटाळून नरसम्माच्या नवऱ्यानं हौद फोडला. भर उन्हात ती सुताची ओझी डोक्यावर घेऊन दुसऱ्यांच्या हौदावर जायला लागली. मी दार लोटून घ्यायची. वाईट वाटायचं म्हणून नव्हे हो, तेव्हा वाटत नव्हतंच. ते पुढं वाटलं, आणि पुरतं वाटलं.

कारण ओल काही हटेना! कमरेची छातीला आली!

मी संतापले. ओव्हरसियरला पुन्हा आणलं, चांगला फैलावर घ्यायला. तमाशा बघायला नरसम्माही दारात येऊन उभी. ऊन मी म्हणत होतं. तो घाम पुसत म्हणाला, "आधी जरा पाणी द्या, आजी."

दारी आलेल्याला पाणी द्यायचं, हे आपल्या रक्तातच आहे. दिलं. तो गटागटा प्यायला. म्हणाला, "वा! काय गार पाणी!" झालं! माझी मान ताठ. आणखी एक तांब्या भरून आणला. "प्या की पोटभर! आमच्यात पाण्याला तोटा न्हाय!"

नरसम्मा तांब्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आक्का, नळ तर कधीचं कोरडं हाय. हे पाणी कुटलं?"

माझी नजर गेली ती थेट पलंगाखाली! ओव्हरसियरनं पलंगाखालच्या ट्रंकांकडं बघितलं. नंतर भिंतीकडं. नंतर माझ्याकडं. पुढचं सांगायला हवं का?

ट्रंका निघाल्या, गोधड्या निघाल्या, फळी उचलली. खाली पाणी कसं लखलखत होतं! आणि हौदाची भिंतीकडची बाजू पाझरून पाझरून भुसभुशीत.

"दुष्काळात आमी टँकरमागं पळलो आक्का," नरसम्मा म्हणाली. "तुमी म्हणायच्या, माझ्याकडं बी थेंब न्हाय."

"अगं, ते आपलं... अडीनडीला..."

"आमचं अडीनडी दिसलं न्हाय व्हय तुमाला?"

"ह्या ओव्हरसियरनंच सांगितलं की!"

"त्यानं सांगितलं. बोंब कुणी मारलं? सासऱ्याचं हौद होतं ते. द्या माझं हौद परत!"

पुढं मी तिला नवा हौद बांधून दिला. पण सासऱ्याच्या हौदात चढायचा तसा रंग ह्यात चढत नाही, असं ती अखेरपर्यंत म्हणायची. खरं-खोटं तिलाच ठाऊक. मला मात्र ते खरंच वाटतं.

तिनं हौद परत मागितला त्या दिवशी मात्र मी भांडण सोडलं. जन्मात पहिल्यांदा! कोपऱ्यातली पहार उचलली, तिच्या हातात दिली आणि म्हटलं,

"घाल, माझ्या हौदावर पहिला घाव तूच घाल, पण थांब, आधी तुझ्या घागरी आण पळत, ह्यातला थेंब जरी वाया गेला ना नरसम्मा, तर पुन्हा भांडेन!"