स्टिकरवरचं साडेसत्तावीस: दोन सायकली घेऊन गगनबावडा

माझी उंची पाच फूट एक इंच. हे आधीच सांगते, कारण माउंटन बाईक घ्यायची ठरवल्यापासून भेटलेल्या प्रत्येकाने मला वरपासून खालपर्यंत बघून चाकाचा आकार सांगितला आणि सायकलवर बसवून एकानेही बघितलं नाही. मी ज्या शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे तिथले खेळाचे सर म्हणाले, "एकोणतीस इंची घे, आता सगळे तीच घेतात." रंकाळा तलावावर सकाळी सायकल फिरवणारे एक काका म्हणाले, "लेडीजना लहान चाकच बरं." लेडीज हा चाकाचा आकार कधीपासून झाला?

रोज गडमुडशिंगी ते कोल्हापूर आणि सुट्टीला डोंगर, एवढं माझ्या सायकलीला करायचं आहे. वर्षभर पैसे साठवलेत. घेईन ती दहा वर्षं वापरावी लागणार. त्यामुळे चूक परवडणार नव्हती. निवड साडेसत्तावीस आणि एकोणतीस या दोन आकारांत होती. मी ठरवलं, एकाच रस्त्यावर एकाच दिवशी दोन्ही चालवायच्या.

दुकानदार दोन्ही सायकली रविवारपुरत्या भाड्याने द्यायला तयार झाला, प्रत्येकी पाचशे. देताना म्हणाला, "बघा मॅडम, एकोणतीस आत्ता न्यायला तयार हाय. साडेसत्तावीस मागवाय लागती, महिना जाईल." मी साखळी, ब्रेक, गिअर तपासले, फ्रेमच्या स्टिकरवरचं २७.५ वाचलं, वहीत लिहून घेतलं.

माझे वडील, आण्णा, दुधाचा टेम्पो चालवतात. सकाळची फेरी संपली की आठ वाजता मोकळे. टेम्पोत सायकली बांधताना ते थांबले. एकदा अंगणातल्या माझ्या कॉलेजच्या सायकलीकडे बघितलं, एकदा टेम्पोतल्या साडेसत्तावीसकडे.

"हे चाक तुझ्या जुन्या सायकलीएवढंच हाय की गं."

"आण्णा, ती सव्वीस इंची. ही साडेसत्तावीस. हे बघा, लिहिलंय इथं."

"लिवलंय व्हय? मग असंल." त्यांनी दोरीची गाठ आवळली.

फुलेवाडी, बालिंगा, कळे करत आम्ही साळवणला पोचलो. हा रस्ता पावसाळ्यानंतर करणार असाल तर लवकर निघा. मध्ये मध्ये उखडलेला आहे, आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की कडेला चिखलात उतरण्याशिवाय पर्याय नसतो. साळवणला कटवडा आणि चहा घेतला, दोघांचे एकशे वीस रुपये. टेम्पोकडे बघून शेजारच्या बाकावरचे आजोबा आण्णांना म्हणाले, "पावणं, पोरगी एक आन् सायकली दोन?"

"एक दमली की दुसरी," आण्णा म्हणाले.

"आन् पोरगी दमली की?"

"मग मी हाय की."

साळवण ते गगनबावडा वीसेक किलोमीटर. आधी साडेसत्तावीस घेतली. सपाटीला बरी चालली. पण जिथे रस्ता फुटलेला होता तिथे पुढचं चाक प्रत्येक खड्ड्यात बसायचं आणि मनगटांना हिसका बसायचा. त्याहून वाईट म्हणजे कडेच्या कच्च्या वाटेवर घेतली की पेडल दगडांवर घासायचं. एकदा इतकं जोरात आपटलं की मी करवंदीच्या जाळीत गेले. टेम्पो मागेच होता. आण्णा उतरले, कोपर बघितलं आणि म्हणाले, "ही सायकल लई बुटकी चालतीया. चाक..."

"आण्णा, साडेसत्तावीस आहे ते! किती वेळा वाचून दाखवू?"

ते परत टेम्पोत जाऊन बसले. मी वहीत लिहिलं: साडेसत्तावीस, पेडल घासतं, नको.

गगनबावड्यात धुकं होतं. तिथे जेवलो, टेम्पोतून साळवणला परत आलो आणि दुपारी तोच रस्ता एकोणतीसने केला. एकदा वीस किलोमीटर झालेले असल्यामुळे दुसऱ्या सायकलीवर अन्याय होईल, म्हणून मधे तासभर विश्रांती घेतली. एकोणतीसबद्दल लोक सांगतात ते खरं आहे. ती खड्ड्यावरून सरळ निघून जाते, आणि एकदा वेग घेतला की सोडत नाही. पण गगनगडाकडे चढताना हळू वळायला गेले की माझ्या बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागायचं. दोनदा लागलं. दुसऱ्यांदा डाव्या बाजूला उतार होता आणि मी घाबरून सायकल सोडूनच दिली. उंच माणसाला हे कदाचित कधीच कळणार नाही.

म्हणजे एकीचं पेडल घासतं आणि दुसरीचं चाक पायाला लागतं. येताना टेम्पोत मी रडकुंडीला आले होते. माझ्या उंचीच्या बाईने डोंगरात जायचंच नाही का? नाइलाजाने एकोणतीस घ्यायची, असं कळे येईपर्यंत ठरवून टाकलं.

घरी आल्यावर उजेड होता, म्हणून सायकली धुवायला घेतल्या. भाड्याची वस्तू घाण करून परत देणं मला जमत नाही. टायरच्या कडेवरचा चिखल ब्रशने निघाला आणि रबरातून उठलेले बारीक आकडे दिसले. २६ गुणिले २.१०. मागच्या चाकावरही तेच. फ्रेम साडेसत्तावीसची, चाकं सव्वीसची. सायकल बुटकी चालणारच. पेडल घासणारच!

मी ओरडले असणार, कारण आण्णा बाहेर आले. त्यांनी टेम्पोतली दोरी आणली, त्या चाकाभोवती गुंडाळून खुणेची गाठ मारली आणि तीच दोरी माझ्या जुन्या सायकलीच्या चाकाभोवती घातली. दोरीचं टोक बरोबर गाठीवर आलं. दोरी गुंडाळून ते आत गेले. "मी सांगत हुतो" म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

सोमवारी दोघं दुकानात गेलो. दुकानदार माझ्याशी बोलेचना, आण्णांकडे बघून म्हणाला, "पावणं, डेमोची गाडी हाय ती. मूळची चाकं एका गिऱ्हाइकाला तातडीनं लागली, म्हणून जुनी बसवली. दीड इंचानं काय होतंय?"

"मी डेअरीत दूध घालतोय," आण्णा म्हणाले. "एक बोट कमी भरलं तर तिथला माणूस मला काय म्हणतोय, सांगू?"

"आवो, मॅडमना कळलं तरी असतं का?"

माझं कोपर अजून सोललेलं होतं. मी वही उघडली आणि दुकानात उभ्या असलेल्या चार माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचायला लागले: कुठे पेडल घासलं, किती वेळा, कुठे पडले. त्याने हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही. पण नावाला साडेसत्तावीस, चाकं सव्वीसची, आणि एकोणतीस आत्ता न्यायला तयार, यात एकोणतीसच खपणार हे त्याला कळत नव्हतं असंही मी म्हणणार नाही. तिसऱ्या ओळीला त्याने भाडं परत केलं.

खरी साडेसत्तावीस दुसऱ्या दुकानात मिळाली. बसायच्या आधी आण्णांनी चाकाला तीच दोरी लावली. टोक गाठीपर्यंत पोचलं नाही, दोरी चांगली चार बोटं कमी पडली. रंकाळ्याला पूर्ण फेरी मारली, मुद्दाम कडेच्या दगडांतून. पेडल घासलं नाही, वळताना पाय लागला नाही. तीच घेतली. उंची माझ्याएवढी असेल तर मी हाच आकार सुचवीन, पण माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नका. स्वतः बसा, हळू वळवून बघा, आणि टायरची कड वाचा, फ्रेम नव्हे.

राग दुकानदारावर आहेच. पण त्या रविवारी आण्णांना मी तेच स्टिकर दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा ओरडून, हे आठवलं की तो राग वळून माझ्यावर येतो. आमच्या घरात शाळा पुरी केलेली मी पहिली. दहावी झाल्यापासून घरातला प्रत्येक कागद माझ्याकडे येतो, आणि मी वाचलं की विषय संपतो.

काल विजेचं बिल आलं. नेहमीसारखं आण्णांनी पुढे केलं, "काय लिवलंय बघ."

"थांबा," म्हटलं, आणि बिल घेऊन आधी बाहेर मीटरपाशी गेले.